तळ्यातून नळापर्यंत : पाण्याच्या पाईपची झीज आणि राखण

– मोठ्या गटातले विद्यार्थी आणि पालक



टोरांटोत आपण नळ सोडतो आणि पाणी येते. ते ओंटारिओ सरोवरातून येते हे आपल्याला शाळेत शिकवतात. ते उपसणे, शुद्ध करणे, पाईप फुटला तर रस्ता खणून दुरुस्त करणे ही सगळी कामे नगरपालिका करते. आपण फक्त बिल भरतो.

पण शहरापासून उत्तरेला दोन-तीन तास गाडी चालवली की मस्कोका, हॅलिबर्टन, कवार्था हे तळ्यांचे प्रदेश लागतात. तिथे तळ्याकाठच्या पुष्कळ घरांना नगरपालिकेचे पाणी नाही. ती घरे समोरच्या तळ्यातूनच पाणी घेतात. एक काळा प्लॅस्टिकचा पाईप तळ्यात सोडलेला असतो, घरात एक पंप असतो, आणि त्यावर सारे घर चालते. पाईप फुटला तर खणायला कोणी येत नाही. आई-बाबा, काका-मावशी यांनाच पाण्यात उतरावे लागते.

आपल्या वर्गातल्या काही कुटुंबांची घरे अशा तळ्यांकाठी आहेत. बाकीचे आपण उन्हाळ्यात आठवडाभर तिथे राहायला जातो. भारतातून आजी-आजोबा आले की त्यांनाही नेतो. म्हणून या अंकासाठी आम्ही हा विषय निवडला. पाईप कुठे झिजतो, का झिजतो, झिजला तर घरातल्यांना काय त्रास होतो आणि तो कसा जपावा, हे समजावून सांगायचा हा प्रयत्न आहे. लहान गटातल्यांनी शेवटचे प्रयोग आधी करून पाहिले तरी चालेल.

पाणी घरात कसे येते?

तळ्याच्या टोकापासून सुरुवात करू.

पाईपच्या पाण्यातल्या टोकाला एक जाळी असते. ती पाने, काड्या आणि लहान मासे आत येऊ देत नाही. जाळीच्या लगेच वर एक झडप असते. तिला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. महाराष्ट्रात नदीवर किंवा विहिरीवर पंप लावणारे शेतकरी हीच झडप वापरतात. गावाकडे बोलताना तिचा ‘फुटबॉल’ होतो. आजोबांना विचारा, त्यांना कदाचित हाच शब्द ठाऊक असेल! ही झडप पाणी वर जाऊ देते, पण परत खाली येऊ देत नाही. त्यामुळे पंप बंद असला तरी पाईप पाण्याने भरलेला राहतो.

पुढे पाईप तळावरून काठाकडे येतो, काठ ओलांडतो आणि पंपापर्यंत जातो. पंपातून पाणी दाबाच्या टाकीत जाते. तिथून गाळणी आणि जंतू मारणारा अतिनील दिवा यांतून ते नळाला येते.

पंप दोन प्रकारचे असतात. पहिला घरात किंवा काठावरच्या खोपटात बसतो आणि पाणी ओढून घेतो. दुसरा पाण्यातच बुडवलेला असतो आणि पाणी ढकलतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

ओढणारा पंप पाणी किती उंच ओढू शकतो? आपण स्ट्रॉने सरबत पितो तेव्हा खरे तर बाहेरची हवा सरबताला वर ढकलत असते. हवेचा हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर वर चढवू शकतो. प्रत्यक्षात घरगुती पंप सुमारे साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट, एवढेच ओढतात. घर त्याहून उंच टेकडीवर असेल तर पंप काठाजवळ तरी ठेवावा लागतो, नाहीतर पाण्यात तरी बुडवावा लागतो.

पाईप कुठे आणि का झिजतो?

आईच्या किंवा बाबांच्या आजोळी जुनी विहीर असेल तर तिच्या काठाचा दगड आठवायला सांगा. वर्षानुवर्षे दोर घासून दगडाला चरे पडलेले असतात. बोपदेवाची गोष्ट पालकांना माहीत असेलच. अभ्यास सोडून निघालेल्या त्या मुलाने विहिरीचा झिजलेला दगड पाहिला आणि तो परत फिरला, अशी ती गोष्ट आहे. तिथे मऊ दोराने कठीण दगड झिजवला. आपल्या तळ्यात दगड कठीण आणि पाईप मऊ आहे. मग कोण आधी झिजेल ते उघडच आहे.

मस्कोका आणि हॅलिबर्टनचा खडक म्हणजे प्रामुख्याने ग्रॅनाइट आणि त्याचे भाऊबंद. त्यांत गारगोटीचे कण असतात. कठीणपणा मोजायची एक पट्टी १८१२ साली फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञाने तयार केली. तिच्यावर सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० गुण आहेत. आपल्या नखाला सुमारे अडीच, चाकूच्या पात्याला सुमारे साडेपाच आणि गारगोटीला ७ गुण मिळतात. पाईपचे प्लॅस्टिक तर साध्या पात्यानेही सहज खरवडले जाते. त्याची भिंत असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड.

आता घासणारा कोण ते पाहू.

पहिली, लाट. लाटेत पाण्याचा प्रत्येक थेंब वर्तुळात फिरतो. जसजसे खोल जावे तसतसे हे वर्तुळ लहान होते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ संपते. म्हणजे लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत ६ मीटर अंतर असेल तर ३ मीटर खोल पाणी जवळपास शांत असते. पण काठाजवळ तळ उथळ असतो. तिथे पाणी करवतीसारखे पुढे-मागे होते आणि पाईपलाही तसेच हलवते. दर तीन सेकंदांना एक लाट आली तर तासाला १२०० आणि दिवसाला २८,८०० लाटा होतात! प्रत्येक लाटेने पाईप खडकावर केसभर जरी सरकला तरी एका उन्हाळ्यात काय होईल याचा विचार करा.

दुसरा, बर्फ. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्यामुळे हिवाळ्यात ते तळाशी जाते आणि वरचे पाणी गोठते. म्हणून खोल पाण्यातला पाईप गोठत नाही आणि मासेही जगतात. पण काठाजवळ बर्फ थेट तळापर्यंत पोचतो आणि पाईपला मुठीत धरतो. बर्फ नुसता बसून राहत नाही. थंड रात्री तो आकसतो आणि त्याला भेगा पडतात. भेगांत पाणी शिरते आणि गोठते. मग ऊन पडले की तो प्रसरण पावतो. एक किलोमीटर लांबीचा बर्फाचा थर १० अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मीटर लांबतो. ही वाढ काठाकडे सरकते आणि दगड, धक्के, पाईप सगळ्यांना रेटते. वसंतात बर्फ सुटल्यावर वारा त्याचे मोठे तुकडे काठावर आणून आदळतो.

तिसरा, पंपाचा हिसका. पाण्यात बुडवलेला पंप सुरू होताना झटका देतो आणि पाईपला जरासा पीळ बसतो. पंप दिवसातून जितक्या वेळा सुरू होईल तितके हे हिसके.

चौथी, पाण्याची पातळी. हॅलिबर्टनच्या अनेक तळ्यांतले पाणी ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गासाठी साठवलेले असते. ३८६ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १९२० मध्ये पुरा झाला आणि आज तो पार्क्स कॅनडाकडे आहे. उन्हाळ्यात या तळ्यांतून पाणी सोडत जातात, त्यामुळे हेमंतापर्यंत काही तळी कित्येक फूट खाली जातात. जुलैत पाण्याखाली नीट झाकलेला पाईप ऑक्टोबरात लाटांच्या पट्ट्यात येतो. जुलैत पाहून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

याशिवाय काही जागा नेहमी तपासाव्यात : खडकाची धार, धक्क्याखालची लाकडे, भिंतीतून पाईप बाहेर येतो ते भोक, वजनाला बांधलेल्या दोरीची जागा आणि दोन पाईपांचा सांधा. काठावर उघड्यावर असलेल्या भागाला ऊनही बाधते. पाईप काळा असतो तो याचसाठी. त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण अडवते. रंगीत किंवा पारदर्शक नळी उन्हात लवकर ठिसूळ होते.

भोक पडले तर काय होते?

ओढणाऱ्या पंपाच्या पाईपला भोक पडले तर पाणी बाहेर गळत नाही. पंप चालू असताना पाईपच्या आत दाब कमी असतो, म्हणून बाहेरचे जे असेल ते आत शिरते.

भोक पाण्याच्या वर असेल तर हवा शिरते. नळ फुरफुरतो, पाणी तुटत तुटत येते. शेवटी पंप पाणी धरत नाही आणि कोरडाच फिरत राहतो. पाणीच त्याला थंड ठेवत असते. कोरडा फिरला की तो तापतो आणि त्याचे आतले भाग खराब होतात. एका छोट्या भोकापायी पंप बदलायची वेळ येते.

भोक पाण्याखाली पण काठाजवळ असेल तर गोष्ट जास्त वाईट आहे, कारण काहीच कळत नाही. नळाला पाणी भरपूर येते. दाब ठीक असतो. पंप ठीक असतो. फक्त पाणी दुसऱ्या ठिकाणचे येते. आपण जाळी खोल, स्वच्छ पाण्यात ठेवलेली असते. आता पंप काठाजवळचे उथळ पाणीही ओढतो. त्यात बदकांची विष्ठा, सडलेली पाने, पावसाने धुऊन आलेली माती असते, आणि शेजारच्या मैलाटाकीतून झिरपलेलेही काही असू शकते. भोकाला जाळीही नसते. गढूळ पाण्यात अतिनील दिव्याचा प्रकाश नीट पोचत नाही आणि जंतू वाचतात. घरात तान्हे बाळ असेल, आजी-आजोबा असतील, तर हे गंभीर आहे.

पाण्यात बुडवलेल्या पंपाचे उलटे असते. तिथे पाईपमध्ये दाब जास्त असतो, म्हणून पाणी बाहेर गळते. कोणी नळ सोडलेला नसतानाही पंप रात्री पुनःपुन्हा सुरू होतो. आवाज ऐकू येतो, विजेचे बिल वाढते, आणि प्रत्येक सुरुवातीला नवा हिसका बसून झीज आणखी वाढते.

आमच्यातल्या एका घरी हे पाहायला मिळाले. ते कुटुंब वर्षभर तळ्याकाठी राहते. शरद ऋतूत सकाळी पहिला नळ सोडला की आधी हवा यायची, मग पाणी. पंप दुरुस्त करणाऱ्याने पंप तपासला, तो चांगला होता. दाबाची टाकी तपासली, तीही चांगली. शेवटी काकांनी वीज बंद करून पाईप हाताने चाचपत काठापर्यंत नेला. धक्क्याखाली एका खडकाच्या कडेवर पाईपच्या खालच्या बाजूला बोटभर लांब चर पडला होता. चराच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढे भोक होते. वरून पाईप अगदी नवा दिसत होता! पाणी खाली गेले होते म्हणून भोक उघडे पडले आणि हवा शिरली. तोवर संपूर्ण उन्हाळाभर ते पाण्याखालीच असणार. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की पाईप नुसता डोळ्यांनी पाहू नका, त्याच्या खालून हात फिरवा.

पाईप कसा जपावा?

झीज व्हायला दोन गोष्टी लागतात, हालचाल आणि खरखरीत जागा. यांतली एक काढली तरी काम होते. दोन्ही काढल्या तर उत्तम.

आपल्या शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून कळले होते. मोटेचा जाड नाडा ते विहिरीच्या काठावरून नेत नसत, वरच्या चाकावरून नेत. बारीक सोंदूर खालच्या लाकडी कण्यावरून फिरे. दोर दगडाला लागूच द्यायचा नाही, ही युक्ती. आपल्याला पाईपसाठी हेच करायचे आहे.

१. वाट नीट निवडा. जिथे वाळू किंवा बारीक गोटे आहेत तिथून पाईप न्या. खडकाच्या धारेवरून नेऊ नका. अगदीच इलाज नसेल तर पाईप धारेवर टेकू न देता मोठ्या, गोल वळणाने न्या. काठाच्या पट्ट्यात सांधा नको. हे पाईप शंभर फूट आणि त्याहून लांब गुंडाळ्यांत मिळतात, तेव्हा त्या भागात अखंड तुकडा घालता येतो.

२. पाईपला बाही घाला. हा आम्हाला सर्वांत चांगला उपाय वाटतो. पाणी नेणारा पाईप एक इंचाचा असेल तर तो दोन किंवा तीन इंचांच्या जाड पाईपमधून ओवून न्यायचा. लाटा आणि बर्फ बाहेरच्या पाईपशी झटापट करतात, आतला सुरक्षित राहतो. बाहेरचा झिजला तर पाणी बंद पडत नाही. मात्र तीन गोष्टी सांभाळा. बाहीचे टोक कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर तीच धार आतला पाईप कापेल. बाही काठाकडून तळ्याकडे उतरती हवी, म्हणजे काठावरच्या भागात पाणी साचून गोठणार नाही. आणि ती पुरेशी खोल न्या. किती खोल? बर्फाची जाडी २ फूट, हेमंतात पाणी ४ फूट उतरते आणि १ फूट राखीव धरला, तर जुलैत जिथे ७ फूट पाणी आहे तिथपर्यंत. प्रत्येक तळ्याचे आकडे वेगळे असतील, हिशेब हाच.

३. तात्पुरता उपाय. बाही लगेच घालता येत नसेल तर जाड पाईपचा एक तुकडा लांबीत चिरून, जिथे घासते तिथे पाईपवर चढवा आणि प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्यांनी बांधा. तार वापरू नका. तार स्वतःच पाईप कापते.

४. पाईप हलू देऊ नका. या प्लॅस्टिकची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असते. म्हणून पाण्याने भरलेला पाईपसुद्धा आपण होऊन तळाशी बसत नाही. त्याला वजने लावावी लागतात. सिमेंटचे ठोकळे चालतात, पण ठोकळा आणि पाईप यांच्यामध्ये रबराचा तुकडा हवा. दोरीने सैल बांधलेले वजन म्हणजे आणखी एक करवत. वजने दर दोन-तीन मीटरवर लावा. दोन वजनांमध्ये पाईप मोकळा झुलत असेल तर तिथेच झीज होते.

५. काठावर पाईप जमिनीखाली न्या. माती असेल तर हिवाळ्यात जमीन गोठते त्याच्याही खाली, म्हणजे चार फुटांहून अधिक खोल. मस्कोकात पुष्कळ ठिकाणी हातभर खणले की खडक लागतो. तिथे पाईपबरोबर विजेची उष्णतावाहक तार घालतात. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

६. पंपाचे हिसके कमी करा. दाबाची टाकी दर वेळी ८ लिटर पाणी देत असेल आणि घरात दिवसाला ४०० लिटर लागत असेल, तर पंप ५० वेळा सुरू होतो. टाकी २५ लिटर देणारी असेल तर फक्त १६ वेळा. मोठी टाकी म्हणजे कमी हिसके.

थोडे गणित : किती वजन लागेल?

दुरुस्तीसाठी पाईप रिकामा केला की त्यात हवा भरते आणि तो वर येऊ पाहतो. एक इंच पाईपच्या एक मीटर लांबीत सुमारे ०.५५ लिटर जागा असते. तेवढे पाणी हटले की दर मीटरला साधारण ०.५५ किलोचा उचल मिळतो.

३० मीटर पाईप × ०.५५ = १६.५ किलो उचल.

आता १० किलोचा सिमेंटचा ठोकळा घ्या. सिमेंट काँक्रीट पाण्याच्या सुमारे २.४ पट जड असते. पाण्यात बुडवल्यावर ठोकळ्याचे वजन आर्किमिडीजच्या नियमाने कमी होते आणि साधारण ५.८ किलो उरते.

१६.५ ÷ ५.८ = सुमारे २.८, म्हणजे किमान ३ ठोकळे.

पण हे झाले फक्त पाईप वर येऊ नये म्हणून. लाटांनी तो बाजूला सरकू नये यासाठी याच्या कितीतरी पट वजन लागते. दर तीन मीटरला एक ठोकळा लावला तर १० ठोकळे होतात. काठाजवळ आणखी जवळजवळ लावा.

वाळू आणि शिंपले

पाईप बाहेरून झिजतो तसाच आतूनही. जाळी तळावर टेकलेली असेल तर पाण्याबरोबर वाळू येते. ती झडपेची बैठक आणि पंपाचे फिरते चक्र घासून टाकते. म्हणून जाळी तळापासून दोन-तीन फूट वर ठेवतात. पृष्ठभागाच्या जवळही नको, कारण तिथे शेवाळ, बर्फ आणि होड्यांचे पंखे असतात.

दुसरा शत्रू म्हणजे झेब्रा शिंपला. हा नखाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्रांच्या परिसरातला. उत्तर अमेरिकेत तो १९८८ मध्ये सेंट क्लेअर तळ्यात सापडला. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मिशिगनमधल्या मनरो गावाचा ईरी सरोवरातला पाईप या शिंपल्यांनी तुंबला आणि गावाचे पाणी बंद पडले. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यामुळे जाळीतून आत जातात आणि पाईपमध्ये चिकटून वाढतात. कवचासाठी त्यांना चुना लागतो. मस्कोकाच्या खडकाळ तळ्यांच्या पाण्यात चुना कमी, म्हणून तिथे ते फारसे वाढत नाहीत. कवार्थाच्या तळ्यांत मात्र आहेत. तिथे जाळी जास्त वेळा साफ करावी लागते. एका तळ्यातला पाईप, जाळी किंवा होडी दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.

कधी काय पाहावे?

बर्फ सुटल्यावर, मे महिन्यात : पाईप जागेवर आहे का? वजने सरकली का? काठाजवळचा भाग खालून चाचपून पाहा. नखाला अडकेल असा चर असेल तर तो तुकडा बदला.

जुलैत : जाळी साफ करा. बाहीचे टोक तपासा. पोहणाऱ्यांनी पाईप हलवला नाही ना, ते पाहा.

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास : पाणी उतरलेले असते, म्हणून हीच खरी तपासणी. उन्हाळ्यात न दिसणारा भाग आता उघडा पडतो.

घर हिवाळ्यात बंद ठेवत असाल तर : पाईपमधले पाणी काढून टाका आणि जमल्यास पाईप बाहेर काढून ठेवा. तो खडकांवरून ओढू नका, दोघांनी उचलून न्या. एका ओढण्यात वर्षभराची झीज होते.

आणि वर्षभर कान उघडे ठेवा. नळाची फुरफुर, रात्री आपोआप सुरू होणारा पंप, दाबाच्या काट्याची घसरण, पावसानंतर गढूळ होणारे पाणी, यांतले काहीही दिसले तर पाईप तपासा. मगच नवीन पंपाचा विचार करा.

पालकांसाठी

पाण्यात उतरण्याआधी पंपाची वीज मुख्य पेटीतून बंद करा आणि पेटीवर चिठ्ठी लावा, म्हणजे दुसरे कोणी ती चालू करणार नाही. एकट्याने उतरू नका. मुलांनी काठावर लाइफ जॅकेट घालून थांबावे. बर्फावर जाऊन पाईप पाहण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

ओंटारिओत बहुतेक तळ्यांचा तळ सरकारी मालकीचा आहे. नवीन पाईप टाकण्याआधी किंवा काठ खणण्याआधी परवानगी लागते का ते विचारून घ्या. ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गावर पार्क्स कॅनडाकडे विचारावे. माशांची अंडी घालण्याची जागा आणि वेळ सांभाळावी लागते.

तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते तसेच पिऊ नये. गाळणी वेळेवर बदला, अतिनील दिवा वर्षातून एकदा बदला आणि जंतूंसाठी पाण्याची तपासणी करून घ्या. पाईपची दुरुस्ती झाल्यावर तर नक्कीच. निकाल येईपर्यंत पिण्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळा.

करून पाहा

प्रयोग १. उंच पारदर्शक ग्लासात तळाशी कोकमचे घट्ट सरबत घाला. त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधे पाणी सोडा. दोन थर दिसतील. आता स्ट्रॉने तळातले सरबत प्या. मग स्ट्रॉला मध्यावर टाचणीने तीन-चार भोके पाडा. भोके वरच्या साध्या पाण्यात बुडतील अशी धरून पुन्हा प्या. चव फिकी लागेल! आता ग्लास थोडा रिकामा करून भोके पाण्याच्या वर येऊ द्या. काय होते? तळ्यातल्या पाईपचे अगदी असेच होते.

प्रयोग २. पॉलिश पेपर टेबलावर चिकटवा. एक स्ट्रॉ त्यावर पुढे-मागे घासा आणि भोक पडेपर्यंतच्या फेऱ्या मोजा. मग दुसरी स्ट्रॉ एका जाड स्ट्रॉमध्ये घालून तेवढ्याच फेऱ्या घासा. आतली स्ट्रॉ बाहेर काढून तपासा. दोन्ही आकडे वहीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा.

शब्दार्थ

झीज – घासून घासून कमी होणे. झडप – एकाच बाजूला उघडणारे दार. चर – लांबट खाच. उपसणे – खालून पाणी वर काढणे. मोट – बैलांनी विहिरीतून पाणी काढायचे जुने साधन. गढूळ – माती मिसळलेले. नितळ – आरपार दिसेल असे स्वच्छ. आजोळ – आईच्या आई-वडिलांचे घर.

प्रश्न

१. ओढणाऱ्या पंपाच्या पाईपला भोक पडले तर पाणी बाहेर का येत नाही?
२. जुलैपेक्षा ऑक्टोबरातली तपासणी महत्त्वाची का?
३. पाईप ४५ मीटर लांब असेल तर तो वर येऊ नये म्हणून १० किलोचे किमान किती ठोकळे लागतील?
४. घरी विचारा : आजी-आजोबांच्या लहानपणी घरात पाणी कुठून येई आणि ते कोण भरत असे? पाच वाक्ये लिहा.

उत्तरे पुढच्या शनिवारी बाईंकडे द्या. आणि या उन्हाळ्यात तळ्याकाठी गेलात की नळ सोडण्याआधी एकदा काठावर जा. तिथल्या मोठ्या माणसांना विचारा, ‘काका, तुमचा पाईप खालून चाचपला का?’